ऋणको, कागद आणि कायदा

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

कर्ज हा शब्द आपल्याकडे मोठ्याने उच्चारला जात नाही. लग्न ठरले, नोकरी लागली, घराला माडी चढली, की ते गावभर सांगायचे. पण त्यासाठी काढलेले कर्ज मात्र चार भिंतींच्या आत ठेवायचे, ही आपली जुनी रीत आहे. आजारी माणूस डॉक्टरकडे जातो. ज्याच्या जमिनीचा बांध कोणी कोरला तो तलाठ्याकडे जातो. कर्जबाजारी माणूस मात्र कोणाकडेच जात नाही. तो रस्त्याने जाताना तोंड चुकवतो आणि फोन वाजला की तो उशीखाली सरकवतो. आपली बाजू मुळातच पडकी आहे, तेव्हा आपल्याला विचारण्याचा हक्क तो कसला, अशी त्याची समजूत असते.

ही समजूत चुकीची आहे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे. मी कायद्याचा विद्यार्थी नव्हे. हा विषय अभ्यासाच्या हौसेने नव्हे, तर घरच्या प्रसंगाने माझ्याकडे आला. म्हणून तो प्रसंग आधी सांगतो.

माझे काका पिठाची गिरणी चालवीत. गिरणीला मिरची कांडपाचे यंत्र जोडावे व घराच्या दोन खोल्या वाढवाव्यात, म्हणून त्यांनी राहते घर तारण देऊन एका बँकेचे कर्ज घेतले. तीन वर्षे हप्ते वेळच्या वेळी गेले. पुढे काकूंचे आजारपण निघाले आणि हप्ते थकले. एके दिवशी पोस्टमनने रजिस्टरचे पाकीट आणून दिले. काकांनी सही केली, पाकीट घेतले आणि न उघडताच देव्हाऱ्यामागे ठेवून दिले. "वाचून काय होणार होतं? पैसे तर नव्हतेच ना," असे ते मला नंतर म्हणाले. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो, तेव्हा दारावर एक छापील कागद चिकटवलेला होता आणि काकूंनी त्यावर तोरण अशा बेताने बांधले होते, की येणाऱ्याजाणाऱ्याला तो दिसू नये.

त्या तोरणामागच्या कागदाने मला जे शिकवले ते असे: कायद्याने ऋणकोला, म्हणजे कर्ज घेणाऱ्याला, दिलेला जवळजवळ प्रत्येक हक्क एका तारखेशी बांधलेला आहे. हक्क असतो, पण तो वाट पाहत थांबत नाही.

इतिहासाची साक्ष

कर्जदाराने कागदाला भ्यावे, ही गोष्ट महाराष्ट्रात नवी नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले आणि भाव कोसळले. त्यातच सरकारने जमीनमहसुलाची आकारणी वाढवली. शेतकरी सावकाराच्या दारी गेला. सावकाराजवळ रोखे होते आणि नवी दिवाणी न्यायालये रोख्यावर जे लिहिले असेल ते प्रमाण मानीत. अंगठा उठवणाऱ्याला त्यात काय लिहिले आहे याचा पत्ता नसे. अखेर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोकांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली आणि ते लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावी पसरले. इतिहासात हे दख्खनचे दंगे म्हणून प्रसिद्ध आहेत. या दंग्यांत माणसांना फारशी इजा झाली नाही. लोकांना हवे होते ते कागद. रोखे, खतावण्या व हुकूमनामे मिळवायचे आणि जाळायचे, हाच बहुतेक ठिकाणचा क्रम होता.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. न्यायाधीशाने केवळ रोख्यावर न थांबता व्यवहाराच्या मुळाशी जावे, पहिल्यापासूनचा हिशेब तपासावा, कर्ज फेडण्यास हप्ते बांधून द्यावेत आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैदेत टाकू नये, अशी तत्त्वे त्यात होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली न्यायाधीश म्हणून काम केले.

तो कायदा आज अस्तित्वात नाही. परंतु कागदाच्या आड जाऊन खरा व्यवहार पाहावा, हे त्याचे तत्त्व मेलेले नाही. ते आज कोठे सापडते, हे पाहू. कर्ज कोणाचे आहे, यावर सर्व काही अवलंबून असते. म्हणून सावकार, बँक आणि पतसंस्था असे तीन भाग करणे सोयीचे होईल.

सावकाराचे कर्ज

महाराष्ट्रात आज खासगी सावकारीला २०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा लागू आहे. या कायद्याप्रमाणे परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा असून त्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कर्ज देतेवेळी ज्याच्याजवळ वैध परवाना नव्हता, अशा सावकाराच्या लाभात न्यायालय हुकूमनामा देत नाही. परवानाधारक सावकारानेही हिशेब ठेवला पाहिजे, मिळालेल्या रकमेची पावती दिली पाहिजे आणि कर्जाचा खरा आकडा न लिहिलेल्या कोऱ्या कागदावर सही घेता कामा नये. मुद्दलापेक्षा अधिक व्याज सावकाराला वसूल करता येत नाही. आपल्याकडे परंपरेने ज्याला दामदुपट म्हणतात, त्याच नियमाचे हे आजचे रूप होय.

पण गावाकडे खरा घोटाळा व्याजाचा नसतो, तर खरेदीखताचा असतो. समजा, एखाद्या शेतकऱ्याला मुलीच्या लग्नासाठी दोन लाख रुपये हवे आहेत. सावकार म्हणतो, "गहाणखत नको, खरेदीखत करून दे. पैसे फेडलेस की जमीन उलट लिहून देतो." शेतकरी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जातो आणि विक्री केल्याचे कबूल करतो. तोंडी व्यवहार कर्जाचा. कागदी व्यवहार विक्रीचा. पुढे पैसे घेऊन गेले, की सावकार म्हणतो, जमीन माझीच आहे, सातबारा पाहा.

मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा येथे थोडीच मदत करतो. गहाण सोडवण्याचा हक्क तो ठामपणे मान्य करतो आणि गहाण सोडवण्यासाठी तब्बल ३० वर्षांची मुदत आहे. परंतु जमीन परत करण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली नसेल, तर त्या व्यवहाराला हा कायदा गहाण समजत नाही. ही दुरुस्ती १९२९ मधली आहे आणि सावकारांना ती चांगली पाठ असते. म्हणूनच परतीची अट एक तर तोंडी ठेवतात, नाही तर वेगळ्या कागदावर लिहितात.

येथे २०१४ च्या कायद्याचे कलम १८ उपयोगी पडते. सावकारीच्या व्यवहारात तारण म्हणून स्थावर मिळकत सावकाराच्या ताब्यात गेली आहे, अशी तक्रार कर्जदाराला सावकारांच्या जिल्हा निबंधकाकडे, म्हणजे व्यवहारात सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे, करता येते. अर्जाच्या तारखेपासून मागे १५ वर्षांतील व्यवहार यात तपासता येतात. कागदावर विक्री लिहिलेली असली तरी निबंधक त्यामागील व्यवहाराची चौकशी करू शकतो आणि ती विक्री म्हणजे कर्जाचे तारणच होते अशी त्याची खात्री झाली, तर तो दस्तऐवज अवैध ठरवून मिळकत कर्जदाराला किंवा त्याच्या वारसांना परत देण्याचा आदेश देऊ शकतो. त्यावर विभागीय निबंधकाकडे अपील असते.

१८७९ चा न्यायाधीश जे करीत असे, तेच हे. मात्र निबंधकापुढे पुरावा लागतो. बाजारभाव आठ लाखांचा असताना खरेदीखत दोन लाखांचे का झाले, विक्रीनंतरही जमीन कोण वहीत होते, व्याजापोटी पैसे कधी व कोणासमोर दिले, त्याच सावकाराने गावात आणखी कितीजणांची अशीच खरेदीखते केली, अशा प्रश्नांच्या उत्तरांतून खरा व्यवहार उघडा पडतो. पंधरा वर्षे ही मोठी मुदत वाटते. पण आज-उद्या करता करता ती सरते आणि साक्षीदार तर त्याआधीच जातात.

सावकार पुष्कळदा कोरे धनादेशही घेऊन ठेवतात. तो वटला नाही तर १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्याखाली फौजदारी खटला होतो आणि दोन वर्षांपर्यंत कैद किंवा धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. तत्पूर्वी लेखी नोटीस यावी लागते आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरल्यास खटला उभा राहत नाही. धनादेश कर्जापोटी कोरा घेतला होता, हिशेब वेगळा आहे, असे म्हणणे असेल तर तेही याच १५ दिवसांत लेखी उत्तराने कळवावे. गप्प राहिलेल्या माणसाचे म्हणणे पुढे खरे वाटत नाही.

बँकेचे तारण

आता माझ्या काकांच्या पाकिटाकडे येतो. घर, दुकान किंवा कारखाना तारण असेल, तर बँकेला दिवाणी दावा न लावताच त्याचा ताबा घेऊन विक्री करण्याचा अधिकार २००२ च्या कायद्याने दिला. त्याचे लांबलचक इंग्रजी नाव कोणी घेत नाही. सगळे त्याला सरफेसी म्हणतात. हा कायदा घटनेला धरून आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ठरवले. मात्र न्यायाधिकरणाकडे दाद मागण्यापूर्वी कर्जदाराने मागणीच्या ७५ टक्के रक्कम भरली पाहिजे, ही त्यातील अट त्याच निकालाने रद्द केली. सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो, हे घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केले.

या कायद्याची वाट पायरीपायरीने जाते. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की कर्जखाते अनुत्पादक ठरते. मग बँक मागणीची नोटीस देते व ६० दिवसांत सारी थकबाकी भरण्यास सांगते. काकांच्या देव्हाऱ्यामागे होती ती हीच नोटीस.

या ६० दिवसांत कर्जदाराला लेखी हरकत घेता येते आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेने तिला कारणांसह उत्तर दिलेच पाहिजे. हिशेब चुकला आहे, भरलेले पैसे जमा दाखवलेले नाहीत, व्याजाचा दर करारातला नाही, हे सर्व सांगण्याची जागा ही आहे. एक साधा कागद, त्याची पोच, एवढेच त्यास लागते. वकिलाची फी लागत नाही.

साठ दिवस उलटले की बँक ताबा घेण्याची नोटीस दारावर लावते आणि दोन वर्तमानपत्रांत छापते. त्यांपैकी एक स्थानिक भाषेतले असावे लागते. कर्जदार प्रत्यक्ष ताबा देत नसेल, तर बँक जिल्हादंडाधिकाऱ्याचे साहाय्य घेते. दिवाणी न्यायालयाचे दार या बाबतीत कायद्याने बंद आहे. दाद मागायची ती कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, आणि ती ताब्याच्या कारवाईपासून ४५ दिवसांच्या आत. महाराष्ट्रात ही न्यायाधिकरणे मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. तेथे कर्जाच्या प्रमाणात शुल्क भरावे लागते. पण थकबाकीचा अमुक हिस्सा आधी भरा अशी अट या पहिल्या अर्जाला नाही. पुढे अपिलात गेल्यास मात्र मोठी रक्कम भरावी लागते. म्हणून पहिला अर्ज वेळेत आणि पुऱ्या कागदांनिशी करणे महत्त्वाचे.

त्यानंतरची पायरी विक्रीची. मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून किंमत ठरवून घेतली पाहिजे, राखीव किंमत ठरवली पाहिजे आणि पहिल्या विक्रीपूर्वी कर्जदाराला ३० दिवसांची नोटीस दिली पाहिजे. विक्रीतून येणे वसूल होऊन पैसे उरले, तर ते कर्जदाराचे असतात. पुष्कळांना हे माहीत नसते.

येथे एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. "लिलावाच्या दिवशी पैसे नेऊन टाकू," असे लोक म्हणतात. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याखाली झालेल्या लिलावात तसे काही अंशी चालते. लिलावानंतरही ६० दिवसांत हुकूमनाम्याची रक्कम व खरेदीदारासाठी लिलावाच्या किमतीच्या पाच टक्के भरून विक्री रद्द करून घेता येते. सरफेसीत तसे नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वी सर्व येणे भरले तरच तारण सोडवण्याचा हक्क राहतो. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले. म्हणजे वर्तमानपत्रात आपल्या घराची लिलावाची जाहिरात वाचून जो धावपळ सुरू करतो, त्याच्या हातचा मुख्य हक्क त्याच सकाळी गेलेला असतो.

काही गोष्टी या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. शेतजमिनीवरील तारणाला सरफेसी लागू होत नाही. मात्र सातबाऱ्यावर शेती लिहिली आहे एवढ्याने भागत नाही. जमीन प्रत्यक्षात वहीत असली पाहिजे. एक लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला आणि मुद्दल व व्याज मिळून २० टक्क्यांहून कमी येणे उरले असेल अशा कर्जालाही हा कायदा लावता येत नाही. अशा वेळी बँकेला नेहमीच्या मार्गानेच जावे लागते.

वसुलीसाठी दारात येणाऱ्या माणसांनाही मर्यादा आहे. सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर फोन करू नयेत, कर्जदाराच्या नातेवाइकांत वा मित्रांत त्याची बदनामी करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावले. प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

पतसंस्थेचा दाखला

आपल्याकडे तालुक्याच्या गावी बँकेपेक्षा पतसंस्था अधिक ओळखीच्या. त्यांची वसुली १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याने होते. कलम १०१ खाली संस्था निबंधकाकडे अर्ज करते आणि निबंधक चौकशी करून वसुलीचा दाखला देतो. दाखला मिळाला की वसुली अधिकारी थेट जप्ती आणि लिलावाकडे वळतो.

या चौकशीची नोटीस कर्जदाराला आणि जामीनदारालाही येते. तेथे हजर राहून उतारा मागणे, भरणा पावत्या दाखवणे आणि म्हणणे लेखी देणे, हीच खरी संधी असते. कारण एकदा दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध फेरतपासणी मागायची झाल्यास येणे रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. ज्याच्याजवळ अर्धी रक्कम असती तो या फेऱ्यात सापडलाच नसता. मित्राच्या कर्जाला डोळे मिटून जामीन राहणाऱ्यांनी तर हे पुन्हा पुन्हा वाचावे. संस्था मूळ कर्जदाराला सोडून जामीनदाराच्या पगारावर हात घालू शकते.

जप्तीलाही सीमा आहे

पैशाचा हुकूमनामा झाला म्हणजे बेलीफ येऊन घर धुऊन नेतो, अशी भीती असते. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० या भीतीला उत्तर देते. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरुणे, धर्माच्या रीतीप्रमाणे स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने, कारागिराची हत्यारे आणि शेतकऱ्याची अवजारे, त्याच्या निर्वाहाला आवश्यक ती जनावरे व बियाणे यांची जप्ती होत नाही. शेतकरी, मजूर किंवा घरगडी यांचे स्वतः राहते घरही जप्त होत नाही. सामान्य कर्जासाठी पगारातील पहिले एक हजार रुपये व उरलेल्या रकमेचा दोनतृतीयांश भाग सुरक्षित असतो. भविष्यनिर्वाह निधीला हात लागत नाही. मात्र जे घर आपण होऊन गहाण ठेवले, त्याला ही ढाल उपयोगी पडत नाही, हे विसरू नये.

कर्जापायी तुरुंगात जावे लागते, ही दुसरी भीती. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करताच येत नाही. पुरुषालाही, त्याने लबाडीने मालमत्ता लपवली आहे किंवा ऐपत असून तो देत नाही असे न्यायालयास दिसले तरच दिवाणी कैद होऊ शकते आणि तीही जास्तीत जास्त तीन महिने. केवळ पैसे नाहीत म्हणून माणसाला कैदेत टाकता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये स्पष्ट शब्दांत सांगितले. दारिद्र्य हा गुन्हा नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे.

आणि बापाचे कर्ज? आपल्या समाजात ते मुलाच्या डोक्यावर आपोआप येते असे मानतात. कायदा तसे मानत नाही. वारसाला मृताची जेवढी मालमत्ता मिळाली तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी असते. हिंदू कुटुंबात मुलाने वडिलांचे ऋण फेडण्याचे जे धार्मिक कर्तव्य न्यायालये पूर्वी मान्य करीत, ते २००५ च्या दुरुस्तीनंतरच्या कर्जांपुरते कायद्यातून गेले आहे. मन मानत नाही म्हणून कोणी फेडले तर तो त्याचा मोठेपणा. पण सक्ती नाही. मुलाने स्वतः जामीन म्हणून सही केली असेल, तर मात्र गोष्ट वेगळी.

समझोता आणि नादारी

न्यायालयात भांडणे हाच एक मार्ग नाही. दावा चालू असतानाच आपली परिस्थिती मांडून हप्ते मागता येतात. हुकूमनामा होऊन गेल्यावर मात्र त्यास धनकोची संमती लागते. बँका एकरकमी परतफेडीची योजना काढतात व त्यात काही व्याज सोडतात. पण तो कर्जदाराचा हक्क नव्हे, बँकेचा निर्णय असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले आहे. सरकारी कर्जमाफीचेही तसेच. २०१७ आणि २०१९ मध्ये राज्यात मोठ्या योजना आल्या; पण पुढची योजना येईल म्हणून नोटिशीला उत्तर न देणे म्हणजे पावसाच्या भरवशावर छप्पर उघडे ठेवणे होय.

लोकअदालत हा समझोत्याचा उत्तम मार्ग. तेथील निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते, त्यावर अपील नसते आणि प्रलंबित दाव्यात भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते. अपील नसते म्हणूनच, झेपतील तेवढेच हप्ते कबूल करावेत. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि ठरावीक मर्यादेच्या आत उत्पन्न असणारे यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने वकील विनामूल्य मिळतो. तालुका न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा समितीचे कार्यालय असते. १५१०० हा दूरध्वनी क्रमांकही त्यासाठीच आहे.

सर्व दारे बंद झाली तर नादारीचे दार उरते. मुंबई शहराला १९०९ चा व उर्वरित राज्याला १९२० चा नादारी कायदा लागू आहे. २०१६ च्या नव्या दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांखेरीज इतरांना अजून लागू झालेला नाही. म्हणून सामान्य माणसाला याच जुन्या कायद्यांकडे जावे लागते. आपली सारी मालमत्ता न्यायालयापुढे मांडायची, तिची धनकोंत वाटणी व्हायची आणि अखेर न्यायालयाने मुक्त केले की बहुतेक जुनी कर्जे संपायची, असा हा मार्ग आहे. तारण घेतलेल्या धनकोचा तारणावरचा हक्क मात्र त्यानेही जात नाही. हा मार्ग सोपा नाही आणि गावात "दिवाळे काढले" असे लोक बोलतात. पण प्रामाणिक माणसाला पुन्हा उभे राहू द्यावे, याचसाठी तो आहे.

तोरणामागचा कागद

काकांच्या दारावर कागद लागून ३१ दिवस झाले होते. म्हणजे ४५ पैकी १४ हाती होते. विधी सेवा समितीने काकूंच्या नावे अर्ज घेऊन वकील दिला, कारण कर्जाच्या कागदावर त्यांचीही सही होती. आम्ही गिरणीच्या गल्ल्याखालची सर्व कागदे काढली. त्यात रोख भरलेल्या दोन हप्त्यांच्या पावत्या सापडल्या. बँकेच्या उताऱ्यात ते हप्ते नव्हते. तेराव्या दिवशी न्यायाधिकरणात अर्ज दाखल झाला. बँकेने हिशेब दुरुस्त केला आणि बोलणी सुरू झाली. घर वाचले, गिरणी आणि कांडपयंत्र विकावे लागले. काका आता दुसऱ्याच्या गिरणीवर कामाला जातात.

कायद्याने आमचे कर्ज बुडवले नाही, आणि त्याने ते बुडवावे अशी अपेक्षाही नव्हती. घेतलेले पैसे देणे लागतोच. पण त्या दोन पावत्या पहिल्या ६० दिवसांत लेखी हरकतीसोबत गेल्या असत्या, तर बोलणी घर जाण्याच्या टोकावर नव्हे, त्याआधी कितीतरी अगोदर झाली असती आणि गिरणीही कदाचित राहिली असती. ते पाकीट उघडायला पैसे लागत नव्हते.

आपल्या राज्यात कर्जापायी किती घरांत काय घडले आहे, हे येथे नव्याने सांगण्याची गरज नाही. १८७५ मध्ये आपल्या पणजोबांच्याही पणजोबांनी कागद जाळले, कारण त्यांना वाचता येत नव्हते आणि वाचून दाखवणाराही सावकाराचाच माणूस होता. आपण महाविद्यालयात शिकतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी, निदान शेजारी, न उघडलेले एखादे पाकीट असेल. या सुट्टीत घरी गेल्यावर वडिलांना, काकांना, मामांना तेवढे विचारा. ते रागावतील, विषय बदलतील. तरी विचारा; पाकीट मिळाले तर आधी त्यावरची तारीख वाचा, आणि मग आतील मजकूर त्यांच्याजवळ बसून मोठ्याने वाचा.